औषध, विमा आणि आपला खिसा

एका निवृत्त खातेदाराचे पासबुक उघडून पाहू या. माणूस कल्पनेतला आहे. परंतु त्याच्यासारखी खाती आपल्या प्रत्येक शाखेत आढळतील. महिन्याच्या आरंभी निवृत्तिवेतन जमा होते. पुढील दोन-तीन दिवसांतच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला २,६०० रुपये जातात. त्यात मधुमेहाच्या दोन प्रकारच्या गोळ्या, रक्तदाबाची एक, कोलेस्टेरॉलची एक आणि पत्नीची थायरॉइडची गोळी असते. ही नोंद बाराही महिने न चुकता येते. एप्रिलमध्ये मात्र खात्यातून एक मोठी रक्कम वजा होते. ती असते आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा हप्ता, ३८,००० रुपये.

वर्षाची बेरीज केली तर औषधांवर ३१,२०० रुपये आणि विम्यावर ३८,००० रुपये खर्च झालेले दिसतात. त्या वर्षी रुग्णालयात दाखल होण्याचा प्रसंग आला नाही, ही आनंदाचीच गोष्ट. पण औषधांच्या त्या ३१,२०० रुपयांतील एक पैसाही विमा कंपनीकडून परत आलेला नसतो. मग एखाद्या सकाळी ते गृहस्थ शाखेत येऊन विचारतात, "साहेब, एवढा हप्ता भरतो, तरी औषधांचे पैसे का मिळत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. काउंटरवरून त्याचे उत्तर बहुधा "पॉलिसीत बसत नाही" एवढेच मिळते. ते चूक नसले, तरी अपुरे आहे. औषधाचा खर्च विम्याच्या कुंपणाच्या आत किती आणि बाहेर किती, आणि बाहेर राहिलेल्या खर्चाला आवर घालणारी दुसरी कोणती यंत्रणा आहे, हे समजून घेतल्याखेरीज त्या गृहस्थांचे समाधान होणार नाही.

कुंपणाच्या आत

आपल्याकडे वैयक्तिक आरोग्य विमा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो १९८६ साली. सर्वसाधारण विमा महामंडळाच्या तत्कालीन चार उपकंपन्यांनी तेव्हा 'मेडिक्लेम' पॉलिसी आणली. तिची मूळ चौकट रुग्णालयातील खाटेशी बांधलेली होती आणि आजही बहुतांश पॉलिसींची चौकट तीच आहे. किमान २४ तास रुग्णालयात दाखल असणे, किंवा मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे एका दिवसात पार पडणारे 'डे केअर' उपचार घेणे ही पहिली अट. ही अट पूर्ण झाली की रुग्णालयात दिलेले इंजेक्शन, सलाइन, गोळ्या, भुलीचे औषध हे सारे दाव्यात येते.

औषधाला आणखी एक वाट मोकळी असते आणि नेमका तिचाच लोकांना विसर पडतो. दाखल होण्यापूर्वीचे साधारणतः ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस या काळात त्याच आजारासाठी घेतलेली औषधे आणि केलेल्या तपासण्या बहुतेक पॉलिसींत समाविष्ट असतात. काही पॉलिसींत ही मुदत याहून अधिक असते. रुग्णालयाचे बिल 'कॅशलेस' पद्धतीने परस्पर चुकते झाले की कुटुंबाला वाटते, विषय संपला. परंतु नंतरच्या औषधांचे पैसे कॅशलेसमध्ये येत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानाची बिले जोडून वेगळा दावा करावा लागतो. 'आरोग्य संजीवनी' या २०२० सालापासून सर्व कंपन्यांना सक्तीने द्याव्या लागलेल्या प्रमाणित पॉलिसीत त्यासाठी नंतरचा उपचार पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांची मुदत आहे. आपल्या पॉलिसीतील मुदत किती, हे घरी बिले सुरक्षित ठेवणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असले पाहिजे.

कर्करोगाच्या औषधांबाबत एक महत्त्वाचा बदल झाला आहे. तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी, म्हणजे गोळ्यांच्या स्वरूपातील उपचार, पूर्वी 'रुग्णालयात दाखल नाही' या कारणाने नाकारली जात असे. महिन्याला हजारो रुपयांच्या गोळ्या घरी बसून घेणाऱ्या रुग्णाला विमा असूनही नसल्यासारखाच होता. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आधुनिक उपचारपद्धतींची एक यादी दिली आणि त्या पॉलिसीबाहेर ठेवू नयेत, असे विमा कंपन्यांना सांगितले. तोंडाने घ्यावयाची केमोथेरपी आणि इंजेक्शनने द्यावयाची काही इम्युनोथेरपी त्या यादीत आहे. मात्र अशा उपचारांना उपमर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. पाच लाखांची पॉलिसी म्हणजे या गोळ्यांसाठी अडीच लाख, हे आधीच माहीत असलेले बरे.

सरकारी योजनांची चौकटही याच धाटणीची आहे. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि नंतरच्या १५ दिवसांची औषधे उपचाराच्या ठरीव दरातच धरलेली असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही योजना सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना खुली झाली. परंतु रोजच्या रक्तदाबाच्या गोळीला तेथेही स्थान नाही.

रोजची गोळी बाहेर का?

विमा हा अनिश्चित आणि मोठ्या नुकसानीचा करार आहे. हजार माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करावेत आणि ज्या पाच-पन्नास जणांवर संकट कोसळेल त्यांना त्यातून द्यावे, हे त्याचे सूत्र. मधुमेहाची गोळी मात्र निश्चित खर्च आहे. ती उद्या लागणार, परवा लागणार आणि पुढील वर्षीही लागणार. कंपनीने तो खर्च देऊ केला, तर ती हप्त्यात तेवढीच रक्कम आणि वर कागदपत्रांच्या हाताळणीचा खर्च मिळवणार. शिवाय अशी पॉलिसी प्रामुख्याने औषधे चालू असलेलेच घेणार, म्हणजे वाटून घ्यायला निरोगी माणसे उरणारच नाहीत. बाह्यरुग्ण खर्चाची जोड असलेल्या पॉलिसी अलीकडे बाजारात आहेत. पण त्यांची वार्षिक मर्यादा आणि त्यासाठीचा वाढीव हप्ता एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पुष्कळदा आपलेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जात असल्याचे आढळेल.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. अनेक पॉलिसींत 'डोमिसिलिअरी हॉस्पिटलायझेशन' असे कलम असते. ते वाचून घरी घेतलेल्या औषधांचे पैसे मिळतील अशी अनेकांची समजूत होते. वस्तुतः रुग्णाला हलविणे अशक्य आहे किंवा रुग्णालयात खाट उपलब्ध नाही, म्हणून जो उपचार एरवी रुग्णालयात झाला असता तो घरी करावा लागला, एवढ्यापुरतेच ते कलम असते. त्यातून मधुमेह, रक्तदाब, दमा अशी दुखणी सामान्यतः नावानिशी वगळलेली असतात.

बँक कर्मचाऱ्यांना हा शब्द वेगळ्या अर्थाने परिचित आहे, त्यामुळे त्यांचा गोंधळ अधिक होतो. २५ मे २०१५ च्या दहाव्या द्विपक्षीय करारानंतर भारतीय बँक संघाने जी समूह वैद्यकीय विमा योजना आणली, तिच्यात 'डोमिसिलिअरी ट्रीटमेंट' म्हणजे यादीतील ठरावीक आजारांवरील घरगुती उपचारांचा खर्च समाविष्ट करण्यात आला. चिठ्ठीवर कालावधी लिहिलेला नसेल तर ती जास्तीत जास्त ९० दिवस ग्राह्य धरावी, असा बारीक तपशीलही त्यात होता. सेवेत असताना हप्ता बँक भरते. निवृत्तीनंतर तो स्वतः भरावा लागतो. पुढे निवृत्तांना घरगुती उपचारांसह आणि त्याविना असे दोन पर्याय देण्यात आले, तेव्हा वर केलेले विवेचन रुपयांच्या आकड्यांत समोर आले. रोजच्या गोळ्यांची हमी हवी असेल तर हप्ता इतका चढतो की अनेक निवृत्तांनी ती हमीच सोडून दिली. वयाच्या सत्तरीत निवृत्तिवेतनाचा आकडा समोर ठेवून असा निर्णय घेणे सोपे नसते.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली आरोग्य योजना आणि १९५२ पासून कार्यरत असलेली कर्मचारी राज्य विमा योजना यांच्या दवाखान्यांतून रोजची गोळीही मिळते. हे त्यांना जमते, कारण तेथे विमा देणारा आणि औषध खरेदी करणारा एकच असतो. खर्चाची जबाबदारी घेणाऱ्याच्या हाती औषधाच्या खरेदीची दोरी असते. खासगी विम्यात ती नसते.

किंमत ठरते कशी?

औषधाच्या पाकिटावर छापलेली किंमत ही अनेक थरांची बेरीज असते. कारखान्यातून निघालेली गोळी कंपनीचा साठेदार, घाऊक विक्रेता आणि किरकोळ दुकानदार अशी प्रवास करते. मूल्यनियंत्रणाखालील औषधांवर घाऊक विक्रेत्याला ८ टक्के व दुकानदाराला १६ टक्के, तर इतर औषधांवर अनुक्रमे १० व २० टक्के असा नफा रूढ आहे. कंपनीचे वैद्यकीय प्रतिनिधी आणि प्रचार हा खर्च आणखी वेगळा.

सरकार सर्वच औषधांची किंमत ठरवते, हा गैरसमज आहे. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांपुरतीच कमाल किंमत ठरवली जाते. २०२२ च्या यादीत अशी ३८४ औषधे होती. हे काम १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरण करते. २०१३ च्या औषध मूल्यनियंत्रण आदेशापूर्वी उत्पादनखर्चावरून किंमत काढीत. आता बाजारभावावरून काढतात. ज्या ब्रँडांचा बाजारातील वाटा एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढून तीत १६ टक्के मिळवले जातात. समजा, सरासरी १० रुपये आली, तर कमाल किंमत ११ रुपये ६० पैसे. या सरासरीत सर्वांत महाग ब्रँडही असतात, म्हणून छत बरेच उंच राहते. घाऊक किंमत निर्देशांकानुसार ते दरवर्षी हलते; एप्रिल २०२३ मध्ये ते १२ टक्क्यांहून अधिक वर गेले. यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपन्या वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात.

नियंत्रण किती परिणामकारक ठरू शकते, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसले. हृदयविकाराच्या रुग्णांना लाखाच्या घरात पडणाऱ्या औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत तेव्हा कर वगळता २९,६०० रुपये ठरली. त्याच्या पुढच्याच वर्षी प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांच्या बिलांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काही वस्तूंवर रुग्णालयांचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे त्यात नमूद आहे. रुग्णालय घाऊक खरेदीत भरघोस सवलत मिळवते आणि रुग्णाच्या बिलावर मात्र छापील किंमत लावते. कॅशलेस असले की कुटुंब बिलाकडे पाहत नाही. परंतु त्या फुगलेल्या किमतीने विम्याची रक्कम संपत असते, ती आपलीच असते, आणि पुढील वर्षीचा हप्ताही त्यातूनच वाढतो. रुग्णालयातील दुकानातूनच औषध घेण्याच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने स्वतः बंधनकारक आदेश देण्याचे टाळून, राज्यांनी धोरण ठरवावे असे सांगितले.

तामिळनाडूचे पासबुक

छापील किंमत, ब्रँड आणि मधले थर वगळून तीच गोळी खरेदी केली तर तिला काय पडते? या प्रश्नाचे देशातील सर्वांत अभ्यासण्याजोगे उत्तर तामिळनाडूने दिले आहे. तेथील आरोग्य खात्याची वेगवेगळी संचालनालये पूर्वी आपापली खरेदी स्वतंत्रपणे करीत. एका रुग्णालयात औषध मुदत संपून फेकावे लागे आणि दुसऱ्यात त्याच औषधाचा खडखडाट असे. जुलै १९९४ मध्ये तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची कंपनी म्हणून नोंदणी झाली आणि जानेवारी १९९५ पासून औषधपुरवठा त्याच्याकडे आला. आर. पूर्णलिंगम या सनदी अधिकाऱ्याचे नाव या उभारणीशी जोडलेले आहे.

महामंडळाने पहिले काम केले ते यादी छोटी करण्याचे. बाजारात हजारो ब्रँड असले तरी खरोखर लागणारी औषधे काही शेच असतात. त्यांची मूळ नावाने निविदा निघते. निविदेचे दोन लिफाफे असतात. पहिल्यात कारखान्याचा परवाना, उत्तम उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र, उलाढाल आणि ते औषध बाजारात विकल्याचा अनुभव. यात उत्तीर्ण होणाऱ्याचाच दुसरा, दराचा लिफाफा उघडायचा. कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी होते. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला मागणी मिळते; इतर पात्र पुरवठादार त्या दराला यायला तयार असतील तर मागणी त्यांच्यातही वाटली जाते, म्हणजे एकाचा कारखाना बंद पडला तरी गोदाम रिकामे राहत नाही.

माल जिल्ह्याच्या गोदामात आला की प्रत्येक घाणीतून, म्हणजे प्रत्येक 'बॅच'मधून, नमुने काढतात. त्यांच्यावरील उत्पादकाचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालतात आणि ते निवडक प्रयोगशाळांकडे जातात. आपण कोणाचे औषध तपासत आहोत, हे तपासणाऱ्याला कळत नाही. अहवाल चांगला आल्याशिवाय माल रुग्णालयात जात नाही आणि पुरवठादाराला पैसेही मिळत नाहीत. दर्जा न राखणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाते. सरकारी औषधाने गुण येत नाही, अशी शंका घेणाऱ्यांनी ही व्यवस्था लक्षात घ्यावी. अर्थात ती काटेकोरपणे राबवली तरच. नुसत्या सर्वांत कमी दराच्या निविदेने दर्जाची हमी मिळत नाही, हेही तितकेच खरे.

बँकेच्या वाचकांना कुतूहल वाटावे अशी गोष्ट पुढे आहे. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला महामंडळाने चक्क एक पासबुक दिले. रुग्णांच्या संख्येनुसार त्या संस्थेच्या वाट्याला येणारी वार्षिक रक्कम त्यात जमा दाखवायची. गोदामातून औषधे उचलली की त्यांची किंमत नावे टाकायची आणि शिल्लक काढायची. अंदाजपत्रकाचा सुमारे नव्वद टक्के भाग या मार्गाने खर्च व्हावा आणि सुमारे दहा टक्के रुग्णालयाने तातडीच्या स्थानिक खरेदीसाठी हाताशी ठेवावा, अशी मूळ रचना होती. यामुळे कोणते औषध किती घ्यायचे, हे मुख्यालयातील अधिकाऱ्याऐवजी रुग्ण पाहणारा डॉक्टर ठरवू लागला. जास्तीचे उचलले तर स्वतःचीच शिल्लक घटते, हे बंधन त्याला समजावून सांगावे लागले नाही. संगणकावर साठ्याची नोंद असल्याने एका गोदामातील जादा माल दुसऱ्याकडे वळवणेही शक्य झाले.

या पद्धतीत गोळीचा दर बाजारातील छापील किमतीच्या कित्येक पटींनी खाली येतो. मागणी मोठी आणि निश्चित असते, प्रचाराचा खर्च नसतो, मधले विक्रेते नसतात. याखेरीज एक कारण आहे, ज्याकडे आरोग्यावरील लिखाणात फारसे लक्ष दिले जात नाही, पण कर्जखाती हाताळणाऱ्याला ते तत्काळ पटेल. औषधांचे पुष्कळ उत्पादक लघुउद्योजक आहेत. सरकारी देयक सहा-आठ महिने अडकणार, हे ज्याला ठाऊक आहे, तो कॅश क्रेडिटवरील तेवढ्या महिन्यांचे व्याज निविदेच्या दरातच मिसळतो, किंवा निविदा भरतच नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात लहान पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असे लिहिलेले आहे. तामिळनाडूच्या महामंडळाने चाचणी उत्तीर्ण होताच मुदतीत पैसे देण्याची ख्याती मिळवली आणि चांगले उत्पादक तेथे रांग लावू लागले.

केरळने २००७ साली आणि राजस्थानने २०११ साली अशीच महामंडळे उभारली. राजस्थानात डॉ. समित शर्मा या जिल्हाधिकाऱ्याने चित्तोडगढमध्ये सहकारी दुकानांतून जेनेरिक औषधे विकण्याचा प्रयोग आधी केला होता. २ ऑक्टोबर २०११ पासून राज्यभर मोफत औषध योजना सुरू झाली. महाराष्ट्राने २०१७ साली खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली. तेथे होणाऱ्या विलंबाच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण निर्माण करण्यात आले. खरेदीतील विलंबाचा अर्थ रुग्णाच्या हाती पडणारी 'बाहेरची चिठ्ठी' असा असतो. केसपेपर जवळजवळ फुकट आणि औषध मात्र समोरच्या मेडिकलमधून छापील किमतीला, हा अनुभव जिल्हा रुग्णालयाच्या दारात पुष्कळांनी घेतला आहे.

एकत्र खरेदीचा आणखी एक दाखला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी संबंधित आहे. त्याच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमधील २३ केंद्रांनी ४० औषधांसाठी एकत्रित वाटाघाटी केल्या. छापील किमतीने सुमारे १,५६० कोटी रुपयांची होणारी ही खरेदी सुमारे १,३२० कोटींनी स्वस्त पडली. औषध तेच, कारखानाही तोच. फक्त मागणारा एकटा नव्हता.

दुकानातल्या ग्राहकाने काय करावे?

आपल्या खातेदाराला निविदा काढता येत नाही. त्याच्या आवाक्यातील एकत्र खरेदी म्हणजे जनऔषधी केंद्र. २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरला पहिले केंद्र उघडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये देवघर येथे दहा हजारावे सुरू झाले. येथील औषधांची किंमत आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक नसावी, असे तत्त्व आहे आणि प्रत्येक बॅचचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात. सर्व औषधे सर्व काळ मिळतातच असे नाही, हा मात्र ग्राहकांचा अनुभव आहे.

अडचण चिठ्ठीपाशी येते. डॉक्टरांनी ब्रँडचे नाव लिहिले असेल तर औषध नियमांनुसार दुकानदाराला शेड्यूल एचमधील औषध परस्पर बदलून देता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने औषध लिहिण्याचे बंधन घातले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. तेव्हा डॉक्टरांनाच विनंती करून ब्रँडशेजारी मूळ नाव लिहून घेणे हा व्यवहार्य मार्ग. थायरॉइडच्या गोळीबाबत मात्र सावध असावे. तिच्या आणि अपस्माराच्या औषधांच्या मात्रेत थोडाही फरक चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय उत्पादक बदलू नये आणि वारंवार तर बदलूच नये. रक्तदाबाच्या गोळीत वाचलेले पैसे तेथे खर्च झाले तरी हरकत नाही.

सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर बदलला. वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावरील १८ टक्के कर गेला. बहुतेक औषधांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवरक्षक औषधांवरील पूर्ण माफ झाला. समूह पॉलिसींना ही सवलत लाभली नाही. जुन्या करप्रणालीत आयकर भरणाऱ्या आणि आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला औषधांसह वैद्यकीय खर्चाची वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. दुकानदाराला कार्डाने किंवा खात्यातून पैसे दिले तर पासबुकातील नोंदच पुरावा होते.

रुग्णालयात खोली निवडताना एक नियम उपयोगी पडतो. पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की विमा कंपनी डॉक्टरांचे शुल्क वगैरे त्याच प्रमाणात कापते. परंतु २०२० पासूनच्या नियमांनुसार औषधे, उपभोग्य वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांच्या खर्चाला ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. अशी कपात झालेली दिसली तर लेखी तक्रार करावी. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. आरोग्य पॉलिसी आपल्या शाखांतूनही विकल्या जातात. विकतानाच खाटेची अट, ६० दिवसांची मुदत आणि उपमर्यादा या तीन गोष्टी ग्राहकाला मराठीत सांगितल्या, तर नंतरचे बरेच गैरसमज टळतील.

एप्रिलच्या त्या सकाळी आलेल्या खातेदाराने हे सारे ऐकून घेतले असते, तर त्याला आदल्या वर्षीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आठवली असती. रुग्णालयाचे बिल कॅशलेसने भागले होते. पण त्यानंतर जवळजवळ दोन महिने डोळ्यांत घातलेल्या थेंबांची आणि दोन फेरतपासण्यांची बिले घरातील कपाटात, पॉलिसीच्याच फाइलमध्ये, टाचणीला लावलेली राहिली होती. पंधरा दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.